सहीशिवाय राहिलेली ओळ

"इथं कोणी बसून आहे का?"

मी मान वर केली. समोर एक उंच, सावळा माणूस हातात ट्रे घेऊन उभा होता. शर्टाची एक बाही पावसानं भिजलेली, चष्म्यावर थेंब. कॅन्टीन गच्च भरलं होतं आणि माझ्या समोरची खुर्ची तेवढी मोकळी होती.

मी काहीच बोलले नाही. आषाढी एकादशी होऊन तीन दिवस झाले होते, आणि दर चातुर्मासात माझं मौनजेवण असतं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एक शब्द नाही, हुंकार नाही, हातवारेही नाहीत. टीममध्ये सगळ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून तर ती खुर्ची मोकळी राहते.

त्याला काय ठाऊक!

तो जरा थांबला, मग बसला. "मी शुभंकर. आजच जॉइन झालो." मी डब्याकडे बघत राहिले. त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं... आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं दिसलं. त्यानं चमचा खाली ठेवला. दोन्ही हात वर करून, सावकाश, त्यानं स्वतःकडे बोट दाखवलं, खुर्चीकडे दाखवलं आणि हात जोडले.

मला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, अशी त्यानं समजूत करून घेतली होती! आणि ते सगळं इतकं जपून, इतकं मायेनं चाललं होतं की हसू दाबता दाबता मला ताकभाताचा ठसका लागला. त्यानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि हातानंच सांगितलं — हळू, हळू.

अडीचच्या मीटिंगला मी उभी राहिले. "सहकारी बँकांचं हे सॉफ्टवेअर आपण शहाण्णव साली लिहायला घेतलं..." एवढं म्हणते तोच कोपऱ्यात कोणाचं तरी पेन खाली पडलं.

मीटिंग संपल्यावर दारातच त्याची गाठ पडली. "तुम्ही बोलता?"

"हो."

"मग जेवताना —"

"जेवताना नाही बोलत. कार्तिकी एकादशीपर्यंत."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे मी ते जे हातानं..."

"छान सांगत होतात," मी म्हटलं आणि पुढे चालू लागले. लिफ्टपाशी आल्यावर माझं मलाच नवल वाटलं. ओळख ना पाळख, आणि मी असं का म्हणाले?

माझी सतरा वर्षांची ही एकच नोकरी. सुरुवातीला कंपनी म्हणजे नारायण पेठेतल्या दोन खोल्या आणि तीन कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. मला ते फार आवडायचं. घर तिथून पाच मिनिटांवर, अजूनही तिथेच आहे. आई आणि मी. मला स्थळं येत होती तेव्हा बाबांचं आजारपण चाललं होतं. बाबा गेले तेव्हा स्थळं यायची थांबली होती. त्यात कोणाची चूक नव्हती.

आता कंपनी खराडीला, काचेच्या इमारतीत. मी एकोणचाळीस वर्षांची, आणि आजूबाजूची सगळी पंचविशीतली. ज्याला मी प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे दिले तो इंद्रजीत आता आमचा प्रमुख. दोन हजार तेराच्या त्या पावसाळ्यात कंपनीला काळजी पडली होती. तरुण मुलं वर्षभरात सोडून जात होती, जुनी माणसं जागची हलत नव्हती, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. मग एचआरमधल्या संस्कृती नावाच्या मुलीनं एक उपक्रम काढला. ती चोवीस वर्षांची, पाखरासारखी. पस्तिशीच्या वरचा एक आणि खालचा एक, अशा जोड्या. चार महिने दोघांनी एकाच कामावर बसायचं, एकमेकांना शिकवायचं.

लिफ्टमध्ये आठवडाभर एकच थट्टा चालली होती. "काय, तुमची जोडी कोणाशी जमली?"

माझी शुभंकरशी. वय बत्तीस, गाव दर्यापूर, अमरावतीकडचं. नऊ वर्षांत सहा नोकऱ्या. पहिले चार महिने तो प्रोबेशनवर होता. त्यानंतर त्याला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

"सहा?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. "कंटाळा येतो का एका जागी?"

"कंटाळा नाही येत. भेव वाटते. एका जागी फार दिवस राहिलो नं, की लोक ओळखायला लागतात." मग हसून म्हणाला, "आणि तुम्हाला? सतरा वर्षं एकच टेबल?"

"टेबल तीनदा बदललंय."

"बापा! मग तर फारच झालं."

माझ्या जुन्या प्रोग्रॅमच्या गल्लीबोळांतून मी त्याला फिरवलं. एखादी ओळ कुठून येते, कुठे जाते, कोणत्या बँकेच्या कोणत्या हट्टापायी ती तशी लिहिली, सगळं सांगितलं. त्यानं मला नवी साधनं शिकवली. मी चुकले की तो चूक दाखवत नसे, नुसता म्हणे, "हं... आता पुन्हा पाहा." आणि मला चूक दिसे.

जेवताना मात्र तोच एकटा बोलायचा. मी गप्प, म्हणून त्याला रान मोकळं. आईबद्दल बोलायचा, ती गावी एकटी असते, फोनवर आधी 'जेवला का' विचारते आणि मग 'कोणती कंपनी चालू आहे' म्हणून विचारते. पुण्यात आल्या आल्या रिक्षावाल्याला पत्ता विचारला तर तो म्हणाला, "वाचता येतं ना? पाटी आहे." असं काहीबाही. एकदा म्हणाला, "तुम्ही बोलत नाही, पण तुमच्यासमोर बोललं की असं वाटते, कोणीतरी ऐकून राहिलं."

मी पोळीचा घास मोडला. त्या दिवशी भाजी कसली होती ते मला आठवत नाही.

एका गोष्टीचं कोडं मात्र सुटेना. सगळं ऑफिस मला हेमाताई म्हणतं. तो म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली की टेबलाशी येऊन नुसता खाकरायचा.

"सगळे ताई म्हणतात," मी एकदा म्हटलं. "तुम्हीही म्हणा ना."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे... जमलं तर." आणि गेला चहा आणायला. चहा आणलाच नाही.

मला वाटलं, आपलं काही चुकलं का? की मी याला फार म्हातारी वाटते, ताईसुद्धा न म्हणण्याइतकी? कानाजवळची पांढरी बट मी केसांमागे सारली.

श्रावणातल्या एका शुक्रवारी माझ्या की-बोर्डवर सोनचाफ्याचं फूल होतं. "खाली एक बाई विकत होत्या," तो म्हणाला. "म्हटलं, देवाला होईल."

"देव माझे घरी आहेत."

"मग घरी न्या."

बाहेर ऊन पडलं होतं आणि उन्हातच पाऊस भुरभुरत होता. कंपनीच्या बसमध्ये मी ते फूल पदरात धरून बसले. घरी देवापुढे ठेवलं, हात जोडले, आणि मन काही लागेना. फूल देवाला दिलं होतं की... मी डोळे मिटले तरी वास यायचा थांबेना.

मग राखीपौर्णिमा आली. दर वर्षी टीममधल्या सगळ्या मुलांसाठी मी घरी रेशमाच्या राख्या करते. त्या वर्षी चौदा झाल्या. पंधरावी त्याची. ती करायला घेतली आणि दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा बसली, पण राखी जरा वाकडीच झाली.

त्या दिवशी तो आलाच नाही. सकाळी निरोप आला, तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी आला तो केस कापलेले, दाढी गुळगुळीत, अंगात कोरा शर्ट.

अभिनव नावाचा आमच्यातला एक पोरगा माझ्या टेबलावर वाकून म्हणाला, "ताई, ताप आल्यावर कोणी दाढी करतं का? इंटरव्ह्यू होता साहेबांचा! शर्ट बघा, घडी मोडलेली नाहीये अजून."

मला पटलं नाही. मग पटलं. सहा नोकऱ्या... आता सातवी. मी शुभंकरला विचारलं, "बरं वाटतंय का?"

"हो."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

त्यानं नजर खाली वळवली. "नाही... असंच. आराम केला."

त्याला खोटं बोलता येत नव्हतं. पुढे मी विचारलं नाही. पंधरावी राखी माझ्या पर्समध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी बांधता आली असती. मुहूर्त गेला, असं मी मनाशी म्हटलं. पण मग मला हायसं का वाटलं होतं? आणि तो जाणार हे मनातून का जात नव्हतं? सकाळी पोथी वाचायला बसले की मी त्याच त्याच पानावर परत यायची.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संस्कृतीनं फॉर्म वाटले. जोडीतल्या प्रत्येकाबद्दल तिघांनी गुप्तपणे लिहायचं होतं — जोडीदार, टीम लीड आणि एक सहकारी. काम कसं आहे, वागणूक कशी आहे. आणि शेवटचा प्रश्न: ही व्यक्ती इथे टिकून राहील असं तुम्हाला वाटतं का?

मी लिहिलं, काम उत्तम. वागणूक उत्तम. टिकण्याबद्दल खात्री नाही. ऑगस्टमध्ये अचानक रजा घेऊन दुसरीकडे मुलाखतीला गेले असावेत. सगळ्यात खाली छापलेली एक ओळ होती, तिच्यासमोर सही केली आणि फॉर्म पाकिटात घातला.

मला खरं वाटलं तेच मी लिहिलं होतं. पण ते खरेपणानं लिहिलं की रागानं? आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी तो जेवायला आला तेव्हा ट्रेमध्ये नुसता चहा होता.

"माझं कन्फर्मेशन अडकलं," तो म्हणाला. "उद्या बहुतेक नाही म्हणून सांगतील. कोणीतरी लिहिलं की राखीच्या दिवशी मी इंटरव्ह्यूला गेलो होतो." चहा ढवळत राहिला. "अभिनवचंच काम असन. दोन दिवसांपासून मी त्याच्याशी बोलून नाही राहिलो."

माझा घास तोंडातच राहिला.

"गंमत अशी की, पहिल्यांदाच मला कुठंच जायचं नव्हतं. त्या दिवशी मी कुठं होतो, सांगू? तुमचं मौन आहे म्हणूनच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला मधेच थांबवाल." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सारसबागेत. दिवसभर. पावसानं भिजलो म्हणून लक्ष्मी रोडला शर्ट घेतला. वेळ जाईना म्हणून न्हाव्याकडे बसलो. ऑफिसला आलो असतो, तर तुम्ही मला राखी बांधली असती. आणि मी हात मागं घेतला असता, तर पंधरा लोकांसमोर तुमचा अपमान झाला असता... आणि पुढं केला असता तर —"

तो उठला. "तर सगळंच संपलं असतं. बस, एवढंच होतं." चहा तसाच टाकून तो निघून गेला.

मी बसलेली. मौन मोडायचं नाही. पानात टाकायचं नाही. डब्यात अजून अर्धा भात. देवा, तू माझी परीक्षा घेतोस ती भाताची का रे! चार घासांत मी तो संपवला. चव कळली नाही. हात धुतले आणि जिन्यानंच तिसऱ्या मजल्यावर, एचआरमध्ये गेले.

इंद्रजीत आणि संस्कृती दोघेही तिथेच होते. "माझा फॉर्म मला बदलायचाय," मी म्हटलं. "शुभंकर मुलाखतीला गेले नव्हते."

"मग कुठे गेले होते?" इंद्रजीतनं विचारलं.

"सारसबागेत."

"सारसबागेत. कामाच्या दिवशी."

"हो."

"कशाला?"

"ते... मी सांगणं बरोबर नाही."

"ताई," इंद्रजीत खुर्चीला टेकला. "कारण लिहिल्याशिवाय एक ओळसुद्धा बदलायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय. कान पकडून."

"कान नव्हता पकडला."

"पकडल्यासारखाच होता. संस्कृती, त्याला बोलाव वर. त्यालाच विचारू."

शुभंकर आला. मला तिथे पाहून दाराशीच थबकला.

"तुझ्याबद्दल जे लिहिलंय," इंद्रजीत म्हणाला, "ते हेमाताईंना मागे घ्यायचंय."

तो हळूच माझ्याकडे वळला. "तुम्ही लिहिलं?"

"हो."

"आणि मी अभिनवला..."

"त्याची समजूत तुम्ही घाला. तुमची माफी मी मागते." माझा आवाज इतका लहान झाला होता की ऐकायला संस्कृती पुढे वाकली. शुभंकर दाराशीच उभा राहिला. रागावला होता का? त्याच्या चेहऱ्यावरून मला एरवी सगळं वाचता यायचं. त्या वेळी एक अक्षर लागलं नाही.

इंद्रजीतनं कोरा फॉर्म पुढे केला. "कारण थोडक्यात लिहा. खाली सही करा. सही झाली की उद्या त्याचं पत्र निघेल."

मी लिहिलं, रजेचं कारण वैयक्तिक होतं, नोकरी सोडण्याशी त्याचा संबंध नव्हता. माझा गैरसमज झाला. मग शेवटच्या छापील ओळीपाशी आले. फॉर्म इंग्रजीत होता, पण अर्थ सरळ होता — या व्यक्तीशी माझा कोणताही वैयक्तिक हितसंबंध नाही.

दिवाळीआधी मी त्याच ओळीसमोर न वाचता सही केली होती.

एक सही. केली की तो राहतो. नाही केली तर फॉर्म रद्द, आणि कदाचित तोही जातो. पेन कागदाला टेकलं... आणि तिथेच राहिलं. रोज सकाळी देवापुढे बसून आज खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि दुपारी इथे येऊन —

"पेन चालत नाही का?" इंद्रजीतनं विचारलं.

"चालतंय."

"मग?"

"ही सही मला करता येत नाही."

"का?"

मी शुभंकरकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर बोलताच आलं नसतं. "कारण ही ओळ... खरी नाही."

"हेमाताई!" संस्कृतीनं तोंडावर हात ठेवला. मग एकदम फाइल चाळायला लागली. "एक मिनिट, सर, एक मिनिट... शुभंकरनं यांच्याबद्दल जो फॉर्म दिला होता ना, त्यावर पण इथे सही नाहीये! मला वाटलं, विसरला."

"विसरलो नव्हतो," शुभंकर म्हणाला.

इंद्रजीतनं दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. म्हणाला, "संस्कृती, जोड्या लाव म्हटलं होतं. एवढ्याही लाव म्हटलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "दोन्ही फॉर्म बाद. आता याचं चार महिन्यांचं काम मलाच तपासावं लागणार. सोमवारी सांगतो. काम बरं असेल तर राहील, नसेल तर नाही. तुमच्याकडे बघून ठेवणार नाही. आणि राहिला, तर दोघांपैकी एकाला टीम सोडावी लागेल."

"मी सोडते," मी म्हटलं.

"तुम्ही? तो प्रोग्रॅम तुमचा आहे. पहिल्या ओळीपासून."

"त्यांना येतो आता. मी शिकवलाय."

हे एवढं सोपं कसं गेलं ते मला कळलंच नाही. सतरा वर्षं ज्याला मी माझं घर समजत होते, त्याची किल्ली मी जाता जाता देऊन टाकली होती.

संध्याकाळी खाली गेटपाशी कंपनीची बस उभी होती. नोव्हेंबरचं मऊ ऊन. तो माझ्या मागोमाग आला, पण दोन पावलं लांबच उभा राहिला.

"रागावलात?" मी विचारलं.

"रागावलो होतो. जिना उतरेपर्यंत."

"सात वर्षांनी मोठी आहे मी."

"मला मोजता येते."

"माझे उपास असतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी..."

"मला साबुदाण्याची खिचडी आवडते."

"चेष्टा नका करू. सोमवारी त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर सातवी शोधीन. पुण्यातच." मग थांबून म्हणाला, "तुम्ही खरंच... म्हणजे मी जे समजलो, तेच ना? की पुन्हा हातानं विचारू?"

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. हो म्हणायचं होतं, मी म्हटलं, "बस सुटेल माझी." काय हे!

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला. "आई, जेवली का?... नाही, नोकरीचं सोमवारी कळन. ते नाही सांगून राहिलो मी. ते... हेमा... हो, त्याच, जेवताना न बोलणाऱ्या." माझ्याकडे चोरून पाहिलं. "हो म्हणाल्या, असं मले वाटते. नीट कळलं नाही. घे, तूच विचार."

आणि फोन माझ्या हातात!

"कोण, हेमा?" पलीकडून मोकळा, खणखणीत आवाज आला. "बोलतेस तं मग! पोट्टा तीन-चार महिन्यांपासून तुह्याच डब्यातल्या भाज्या सांगून राहिला मले."

"नमस्कार करते," मी म्हटलं. "माझं वय... त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला."

"सांगितलं नं. मले काय त्याचं! पाच ठिकाणांहून पळाला हा. हा कुठं थांबते तेच मले पाहायचं हाय. रविवारी येते मी ट्रॅव्हल्सनं. कुठं उतरू, सांग."

इतके महिने मला कशाचंच उत्तर सापडत नव्हतं. याचं मात्र आलं. "पार शिवाजीनगरपर्यंत जाऊ नका. अलीकडे, खराडी बायपासला उतरा, त्यांची खोली तिथून जवळ. मी येऊन उभी राहते."

"एवढ्या लोकांत ओळखू कशी मी तुले?"

माझा हात आपोआप कानाशी गेला. शुभंकर माझ्याकडेच बघत होता. मी पदर सावरला नाही, केस मागे सारले नाहीत.

"उजव्या कानाजवळ माझ्या पांढरी बट आहे," मी म्हटलं. "चांगली ठसठशीत. लांबूनही दिसेल तुम्हाला."